कसोटीचीच कसोटी

१

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच दूर आहेत. वैद्याने रोग ओळखणे हे निदान; आणि ‘निदान एवढे तरी कर’ असे आपण म्हणतो तेव्हा निदान म्हणजे कमीत कमी. संस्कृतात या शब्दाचा अर्थ कारण, आदिकारण. माधवकराचा ‘रोगविनिश्चय’ हा ग्रंथ पुढे ‘माधवनिदान’ याच नावाने ओळखला गेला. त्या ‘विनिश्चया’तला ठामपणा आपल्या मनात ‘निदाना’लाही चिकटून राहिला आहे. प्रयोगशाळेतून आलेला अहवाल उघडताना माणसाला हवा असतो तो हा विनिश्चय: रोग आहे, किंवा नाही. अहवालही त्याच भाषेत बोलतो. पॉझिटिव्ह, नाही तर निगेटिव्ह. हा होकार किंवा नकार कितपत खरा, असे त्या क्षणी कोणी विचारत नाही.

वैद्यकशास्त्रानेही हा प्रश्न बराच काळ विचारला नव्हता. विचारला तेव्हा त्याचे उत्तर आकड्यांत कसे द्यावे हे त्याला ठाऊक नव्हते. चाचणीला आपण ‘कसोटी’ही म्हणतो. कसोटी हा मूळचा सोनाराचा काळा दगड. त्यावर सोने घासून उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस ठरवायचा. सोनाराला दगडाविषयी शंका आली तर तो शुद्धता आधीच ठाऊक असलेले सोने त्यावर घासून पाहू शकतो. पण रोगाच्या बाबतीत हे ‘आधीच ठाऊक असलेले सोने’ आणायचे कोठून? विसाव्या शतकात वैद्यकाने आपल्या चाचण्या तपासायला घेतल्या तो सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

साहित्याच्या वाचकांनी या इतिहासात का शिरावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की या प्रवासात डॉक्टरांपुढे जे प्रश्न उभे राहिले ते आपल्या चांगले ओळखीचे आहेत. एखाद्या खुणेचा अर्थ कोणी ठरवायचा? दोन जाणत्या वाचकांना दोन अर्थ दिसले तर कोणता खरा धरायचा? आणि आपला अर्थ ज्याच्याशी ताडून पाहायचा ते मूळ सत्य कुठे मिळते? फरक इतकाच, की समीक्षेत चूक झाली तर वाद होतो; येथे चूक झाली तर एखाद्याच्या शरीरात विषारी औषध टोचले जाते, किंवा टोचायला हवे असलेले टोचले जात नाही.

२

१९०५ मध्ये बर्लिन येथे फ्रिट्झ शाउडिन आणि एरिख हॉफमान यांना उपदंशाचा जंतू सापडला. आपल्याकडे लोक ज्याला ‘गरमी’ म्हणत, तो हा रोग. जंतू नागमोडी आणि इतका फिकट होता, की सूक्ष्मदर्शकाखालीही सहज दिसत नसे. शिवाय रोग वर्षानुवर्षे अंगात दबून राही. तेव्हा जंतू पाहायला मिळण्याची शक्यता फारच कमी. म्हणून १९०६ मध्ये आउगुस्ट फॉन वासरमान, आल्बर्ट नायसर आणि कार्ल ब्रुक यांनी रक्ताची चाचणी प्रसिद्ध केली तेव्हा तिचे मोठे स्वागत झाले. पुढची कित्येक दशके जगभर ‘वासरमान’ हे रक्ततपासणीचेच दुसरे नाव होऊन बसले.

या चाचणीची रीत थोडी समजून घ्यायला हवी. रोग्याच्या रक्तजलात रोगाविरुद्धची प्रतिपिंडे असतील, तर ती उपदंशाने मृत्यू पावलेल्या अर्भकाच्या यकृताच्या अर्काशी जोडली जातील, असे गृहीत होते. या जोडणीत ‘पूरक’ नावाचे एक द्रव्य खर्ची पडते. ते गिनीपिगच्या रक्तजलातून नळीत घातलेले असे. मग त्याच नळीत मेंढीच्या तांबड्या पेशी आणि त्या पेशींना फोडू पाहणारी प्रतिपिंडे घालायची. पूरक शिल्लक असेल तर पेशी फुटतात आणि द्रव लाल, पारदर्शक होतो. ते आधीच खर्ची पडले असेल तर पेशी तशाच राहून तळाशी बसतात. पेशी फुटल्या नाहीत, म्हणजे रोग आहे.

वाचकांच्या लक्षात येईल, की येथे रोग कोणीच पाहिलेला नाही. माणसाचा रोग मेंढीच्या पेशींवरून ओळखायचा, तोही अनुमानाच्या दोन पायऱ्या चढून. त्यात पेशी कधी पूर्ण फुटत, कधी अर्धवट. अर्धवट फुटलेल्यांना होकार म्हणायचे की नकार, हे नळी उजेडात धरणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राही. अहवालात एक ते चार अधिक-चिन्हे लिहिण्याची पद्धत पडली ती यामुळेच.

या चाचणीचा सर्वांत मार्मिक इतिहास लिहिला तो ल्वूव येथील लुडविक फ्लेक या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वैद्याने. त्याचा जर्मन ग्रंथ १९३५ मध्ये बाझेल येथे प्रसिद्ध झाला. वैज्ञानिक तथ्य कसे जन्माला येते आणि कसे वाढते, हा त्याचा विषय, आणि उदाहरण वासरमान चाचणीचे. ग्रंथ जवळजवळ दुर्लक्षित राहिला. फ्लेक स्वतः पुढे आउशविट्झ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर आला. थॉमस कून यांनी १९६२ मधल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याचे ऋण मान्य केले आणि १९७९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला, तेव्हा कुठे जगाला फ्लेक कळला.

फ्लेकने दाखवून दिलेली गोष्ट अशी. पहिल्या प्रयोगांत खात्रीने उपदंश असलेल्या रोग्यांपैकी जेमतेम १५ ते २० टक्क्यांच्या बाबतीत ही चाचणी होकार देत होती. थोड्याच काळात हे प्रमाण ७० ते ९० टक्क्यांवर गेले. असे काय घडले? कोणताही एक मोठा शोध लागला नाही. अनेक प्रयोगशाळांतील अनेक निनावी हातांनी अर्काची मात्रा बदलली, मिश्रणाचे प्रमाण बदलले आणि होकाराची सीमारेषा किती वर किंवा खाली ओढायची हे हळूहळू जुळवत नेले. सीमा फार सैल केली तर निरोगी माणसेही रोगी ठरत. फार ताणली तर रोगीही सुटून जात. या दोहोंच्या मध्ये चाचणी ‘बसवली’ गेली, जशी वाद्याची तार लावतात तशी. फ्लेकच्या मते हे काम एका व्यक्तीचे नसून एका ‘विचारसमूहा’चे होते. आणि त्या समूहाला पुढे ढकलणारी शक्ती म्हणजे उपदंश हा ‘दूषित रक्ता’चा रोग आहे, ही लोकमानसातली शतकानुशतकांची समजूत. रक्तात काहीतरी सापडलेच पाहिजे, अशी जणू सर्वांचीच इच्छा होती.

गंमत म्हणजे मूळ गृहीतकच चुकीचे निघाले. १९०७ मध्ये कार्ल लांडश्टाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की उपदंशग्रस्त यकृताची काही गरज नाही. गिनीपिगच्या निरोगी हृदयाच्या अल्कोहोलमधील अर्कानेही चाचणी तितकीच चालते. म्हणजे रक्तातली ती प्रतिपिंडे उपदंशाच्या जंतूविरुद्ध नव्हतीच. तरीही चाचणी बऱ्याच अंशी उपयोगी पडत राहिली. कारण ठाऊक नसताना उपयोगी पडणारी गोष्ट किती विश्वासार्ह, हे ठरवायला मग मोजमापाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

३

या मोजमापाची गरज प्रथम जाणवली ती स्पर्धेतून. वासरमानच्या पाठोपाठ अनेकांनी आपापल्या चाचण्या काढल्या आणि प्रत्येकाला आपलीच सरस वाटे. राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने यावर एक उपाय काढला. कोपनहेगन येथे १९२३ व १९२८ मध्ये आणि मोंतेविदेओ येथे १९३० मध्ये निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांना एकत्र आणून त्यांना त्याच रक्ताचे नमुने वाटण्यात आले. प्रत्येकाने आपल्या पद्धतीने तपासावे आणि निकाल शेजारी शेजारी मांडावेत. मराठी वाचकाला हे एखाद्या काव्यस्पर्धेसारखे वाटेल. पण येथे परीक्षकाच्या जागी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रोग्याविषयी डॉक्टरांना अन्य मार्गांनी असलेली माहिती. अमेरिकेतील रूबेन कान यांची सोपी चाचणी या बैठकांत पुढे आली.

अमेरिकेत १९३५ मध्ये सार्वजनिक आरोग्य सेवेने अशाच एका तुलनेचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक चाचणीला एकाऐवजी दोन आकडे दिलेले होते. रोग असलेल्यांपैकी किती टक्के लोकांना चाचणी होकार देते, हा पहिला. रोग नसलेल्यांपैकी किती टक्के लोकांना ती नकार देते, हा दुसरा. पहिल्याला ‘संवेदनशीलता’ आणि दुसऱ्याला ‘विशिष्टता’ ही नावे मिळाली. या संज्ञा १९४७ मध्ये याकोब येरुशाल्मी यांनी घडवल्या असे पाठ्यपुस्तके बरीच वर्षे सांगत आली. २०२१ मध्ये निकोलस बिनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की त्यांची मुळे त्याआधीच्या उपदंश-चाचण्यांच्या वादांत आहेत. संवेदनशीलता हा शब्द आपण कवींसाठी राखून ठेवलेला. येथे तो नळीतल्या द्रवाला लागला. पण अर्थ फारसा दूरचा नाही. अतिसंवेदनशील माणूस जसा नसलेला अपमानही ओळखतो, तशी अतिसंवेदनशील चाचणी नसलेला रोगही ओळखते. म्हणून दोन आकडे लागतात. एकट्या ‘अचूकते’चा एक आकडा सांगणारा विक्रेता अर्धेच सत्य सांगत असतो.

आता यातली माणसे पाहू. १९३५ मध्ये कनेटिकट राज्याने विवाहापूर्वी वधू आणि वर दोघांचीही उपदंशासाठी रक्ततपासणी सक्तीची करणारा कायदा केला आणि पुढील काही वर्षांत अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. तोवर चाचणी मुख्यत्वे दवाखान्यात आलेल्या, लक्षणे असलेल्या माणसांवर होत होती. आता ती लग्नाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या, अंगात काहीही नसलेल्या तरुण-तरुणींवर होऊ लागली. होकार आला की लग्न लांबणीवर, घरात कुजबुज, आणि उपचार म्हणून आर्सेनिकयुक्त औषधांची महिनोन्महिने चालणारी टोचणी. १९१० मध्ये आलेले साल्वरसान आणि त्याची भावंडे परिणामकारक होती, पण विषारीही होती. पेनिसिलिनचा उपचार १९४३ नंतरचा.

१९४९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे रॉबर्ट नेल्सन आणि मॅन्फ्रेड मेयर यांनी एक नवी चाचणी काढली. तीत उपदंशाचे जिवंत जंतू रोग्याच्या रक्तजलात ठेवून त्यांची हालचाल थांबते का, हे पाहिले जाई. ही चाचणी करायला फार अवघड होती, पण ती प्रत्यक्ष जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांची होती. म्हणजे सोनाराला अखेर आधीच ठाऊक असलेल्या सोन्याच्या जवळपास जाणारे काही मिळाले. जुन्या चाचणीने रोगी ठरवलेली, पण लक्षणे नसलेली माणसे या नव्या चाचणीने तपासली तेव्हा त्यांतल्या पुष्कळांना उपदंश कधी झालेलाच नव्हता असे दिसले. कोणाला मलेरिया होऊन गेला होता, कोणाला कुष्ठरोग होता. काहींना पुढे ल्यूपस हा आजार झाला, ज्याची ती आगाऊ खूण होती. रक्तातली खूण खरी होती. तिचा अर्थ मात्र चुकीचा लावला गेला होता. टोचलेले आर्सेनिक आणि मोडलेली लग्ने परत घेता येत नाहीत.

येथे एक कटू गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या सार्वजनिक आरोग्य सेवेने चाचण्यांचे इतके काटेकोर मोजमाप केले, तिनेच १९३२ ते १९७२ या काळात अलाबामातील टस्कीगी येथे उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून त्यांच्या रोगाची वाटचाल पाहिली. मोजमाप अचूक असणे आणि ते माणुसकीचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे दुसरी आपोआप येत नाही.

४

आतापर्यंत प्रश्न चाचणीचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर असे लक्षात आले, की चाचणी वाचणारा माणूस हाही चाचणीचाच भाग आहे.

क्षयरोग शोधण्यासाठी छातीची क्ष-किरण छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर घेतली जात होती. अमेरिकेत सैन्यातून परतलेल्या लाखो लोकांची तपासणी करायची, तर छायाचित्र कोणत्या प्रकारचे घ्यावे? ३५ मिलिमीटरची लहान फिल्म स्वस्त, १४ बाय १७ इंचांची मोठी फिल्म महाग. स्वस्त फिल्म पुरेशी असेल तर पैसा वाचेल. म्हणून १२५६ माणसांची प्रत्येकी चार प्रकारे छायाचित्रे घेण्यात आली आणि पाच अनुभवी वाचकांनी ती स्वतंत्रपणे वाचली. काही काळाने तीच छायाचित्रे त्यांना पुन्हा वाचायला दिली. निष्कर्ष १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. या कामातले संख्याशास्त्रज्ञ होते याकोब येरुशाल्मी.

प्रश्न फिल्मचा होता. उत्तर मिळाले ते वाचकांविषयी. पाच वाचकांमधला फरक चार प्रकारच्या फिल्ममधल्या फरकापेक्षा मोठा निघाला. एकाला जेथे क्षयाची छाया दिसली तेथे दुसऱ्याला काहीच दिसले नाही. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की वाचक स्वतःशीही सहमत होत नव्हता. या विषयावर १९४९ मध्ये लिहिताना हेन्री गार्लंड या क्ष-किरणतज्ज्ञाने सांगितले, की तेच छायाचित्र दुसऱ्यांदा पाहताना वाचक साधारण पाचांतून एकदा आपलेच आधीचे मत फिरवतो. फिल्म तीच, डोळे तेच, ज्ञान तेच.

आम्हांला या प्रयोगाचे महत्त्व विशेष वाटते. एकाच संहितेची पाच वाचने होतात हे साहित्याच्या विद्यार्थ्याला नवे नाही. किंबहुना त्यातच आपण संहितेची समृद्धी पाहतो. पण डॉक्टरांचा स्वतःविषयीचा समज वेगळा होता. छायाचित्र म्हणजे वस्तुस्थिती, ती फक्त पाहायची असते, असे ते मानत. त्यांच्यातल्याच काहींनी आपले वाचन सहकाऱ्यांच्या आणि स्वतःच्याच आधीच्या वाचनाशेजारी ठेवले आणि निघालेला निकाल छापून टाकला, याला धैर्य लागते. या इतिहासातला निर्णायक क्षण आम्हांला येथे दिसतो. नवे यंत्र नव्हे, तर आपली चूक मोजू देण्याची तयारी.

येरुशाल्मींसमोर जुनी अडचण होतीच. कोण खरोखर रोगी आहे हे ठरवायचे कसे? हातात होती ती पुन्हा छायाचित्रेच, आणि त्यांची वाचने. अनेक वाचकांनी अनेकदा ज्यावर बोट ठेवले ते खरे, असे मानून त्यांनी हिशेब मांडला, आणि हा मापदंड कच्चा आहे याचे भान ठेवून मांडला. त्यातून निघालेली व्यवहारी सूचना साधी होती: प्रत्येक छायाचित्र दोघांनी, एकमेकांचे मत न पाहता, वाचावे. स्वतंत्र दुहेरी वाचनाची ही पद्धत पुढे स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीसारख्या क्षेत्रांत अनेक देशांनी स्वीकारली.

५

चाचणी झाली, वाचक झाला. तिसरा घटक म्हणजे ज्यांच्यावर चाचणी करायची ती माणसे. हा मुद्दा समजायला सर्वांत अवघड आहे, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ.

एक चाचणी आहे. ती १०० रोग्यांपैकी ९० जणांना ओळखते आणि १०० निरोग्यांपैकी ९५ जणांना बरोबर निरोगी ठरवते. ती आपण एका खास रुग्णालयात वापरली, जेथे येणाऱ्या १०,००० जणांपैकी निम्म्यांना रोग आहे. ५,००० रोग्यांपैकी ४,५०० जणांना होकार मिळेल. ५,००० निरोग्यांपैकी २५० जणांनाही चुकून होकार मिळेल. म्हणजे होकार मिळालेल्या प्रत्येकी १०० जणांत सुमारे ९५ खरे रोगी. आता तीच चाचणी गावातल्या सर्वसामान्य १०,००० माणसांवर करा, ज्यांत रोगी फक्त १०० आहेत. त्यांपैकी ९० सापडतील. पण ९,९०० निरोग्यांपैकी ४९५ जणांना चुकीचा होकार मिळेल. एकूण ५८५ होकारांपैकी खरे ९०, म्हणजे सहा-सात जणांत एक. चाचणी बदललेली नाही, वाचक बदललेला नाही; तरी त्याच ‘पॉझिटिव्ह’ शब्दाचा अर्थ बदलला. कनेटिकटच्या कायद्यात घडले ते हेच. रुग्णालयात पारखलेली कसोटी तो मंगल कार्यालयात घेऊन गेला.

हे गणित शाळकरी मुलालाही करता येईल, पण सुचत नाही. १९७८ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेतील ६० विद्यार्थी व डॉक्टरांना असाच प्रश्न विचारला गेला: हजारात एकाला होणारा रोग, आणि निरोग्यांपैकी पाच टक्क्यांना चुकीचा होकार देणारी चाचणी, तर होकार आलेल्या माणसाला रोग असण्याची शक्यता किती? सर्वाधिक लोकांचे उत्तर होते ९५ टक्के. बरोबर उत्तर सुमारे दोन टक्के आहे. ते साठांपैकी ११ जणांनी दिले.

त्याच वर्षी डेव्हिड रॅन्सोहॉफ आणि आल्व्हान फाइनस्टाइन यांनी आणखी एका सापळ्याकडे लक्ष वेधले. १९६९ मध्ये माँट्रियल येथील संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी रक्तातील एका प्रथिनाची चाचणी मांडली होती. ३६ रोग्यांपैकी ३५ जणांत ती होकार देत होती. जगाला वाटले, कर्करोग रक्तावरून ओळखता येऊ लागला. पण पुढे इतरांनी ती रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील माणसांवर आणि अन्य आजार असलेल्यांवर वापरली तेव्हा ती आशा टिकली नाही. पहिल्या अभ्यासात रोगी होते ते बळावलेल्या रोगाचे, आणि तुलनेला ठळक निरोगी माणसे. भर दुपारी आणि मध्यरात्र यांतला फरक कोणालाही सांगता येतो. कसोटी लागते ती तिन्हीसांजेला. डॉक्टरकडे येणारी माणसे बहुधा तिन्हीसांजेचीच असतात. अशा अभ्यासांत काय काय उघड सांगितलेच पाहिजे याची २५ कलमांची एक सूची २००३ मध्ये अनेक वैद्यकीय नियतकालिकांनी एकाच वेळी छापली: रोगी कोठून निवडले, मापदंड कोणता, वाचणाऱ्याला आधी काय ठाऊक होते.

६

हा सारा इतिहास परदेशातला आणि म्हणून दूरचा वाटेल. पण त्याचा एक अध्याय आपल्याच शहरांतल्या प्रयोगशाळांत लिहिला गेला.

क्षयरोगासाठी रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या भारतात खाजगी व्यवसायात सर्रास वापरल्या जात होत्या. कल्पना वासरमानचीच, शंभर वर्षांनंतरची. आणि अडचणही तिच्याच जातीची. ज्या देशात असंख्य माणसांच्या अंगात क्षयाचा जंतू रोग न करता दबून असतो, तेथे रक्तातली खूण रोगाची की नुसत्या गाठभेटीची, हे कसे ओळखायचे? जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपलब्ध पुरावा तपासून सांगितले, की सक्रिय क्षयाच्या निदानासाठी या रक्तचाचण्या वापरू नयेत. प्रचलित पद्धतीच्या विरोधात क्षयाच्या क्षेत्रात संघटनेने दिलेला हा पहिलाच स्पष्ट नकार होता. तिच्याच म्हणण्यानुसार जगात दरवर्षी अशा दहा लाखांहून अधिक चाचण्या होत, आणि एकेका चाचणीला रोग्यांना ३० डॉलरपर्यंत मोजावे लागत. बहुतेक संच युरोप-अमेरिकेत बनत, पण कोणत्याही मान्यताप्राप्त नियामक संस्थेची त्यांना मंजुरी नव्हती. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, निर्मिती व विक्री यांवर बंदी घातली.

त्या मधल्या वर्षांत किती जणांनी क्षय नसताना महिनोन्महिने औषधे घेतली, आणि किती जण क्षय असताना ‘निगेटिव्ह’चा कागद खिशात घालून घरी परतले व घरातल्यांनाही रोग देऊन बसले, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. खोट्या होकाराला निदान एक अहवाल असतो. खोट्या नकाराला तोही नसतो.

पुढे २०२० च्या करोनासाथीत हा विषय घराघरांत पोचला. त्या वर्षी जूनमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पहिल्या जलद चाचणीला मान्यता देताना दोन्ही आकडे दिले होते: विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के, संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के. म्हणून नियम असा केला, की होकार आला तर तो खरा धरावा; लक्षणे असूनही नकार आला तर आरटी-पीसीआर पुन्हा करावी. १९३५ चे ते दोन आकडे ८५ वर्षांनी थेट रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या नशिबाचा निर्णय करत होते. पण रांगेतल्या किती जणांना ते कोणी समजावून सांगितले?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. चाचणीची अचूकता चाचणीच्या पोटात साठवलेली नसते. ती चाचणी, तिचा वाचक आणि ज्याची चाचणी होते तो माणूस व त्याचा समाज, या तिघांमधल्या संबंधात असते. यांतला एक बदलला की अचूकता बदलते. वैद्यकाला हे एका बैठकीत उमगले नाही. नळ्यांतल्या अर्धवट फुटलेल्या पेशी, पाच वाचकांची पाच मते आणि चुकून रोगी ठरलेली माणसे यांच्याकडून ते त्याला शिकावे लागले. याचा अर्थ चाचण्या निरुपयोगी आहेत असा काढणे ही उलट दिशेची चूक होईल. उपदंश असलेल्या असंख्य रोग्यांना वासरमानमुळेच वेळेवर उपचार मिळाले. किती विश्वास ठेवायचा हे ठाऊक असले, की अपुरी कसोटीही कामाची होते.

तेव्हा अहवाल हाती आला की तीन गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात, संकोच न करता. ही चाचणी रोग असताना किती वेळा चुकते आणि नसताना किती वेळा? माझ्यासारख्या माणसांत हा रोग मुळात किती आढळतो? आणि दुसऱ्या एखाद्या मार्गाने याची खात्री करता येईल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. त्याच्या शास्त्राने हे प्रश्न स्वतःला विचारायला काही दशके घेतली आहेत. ‘निदान’ या शब्दाचा मराठीतला दुसरा अर्थ येथे उपयोगी पडतो. अहवालातला शब्द हा विनिश्चय नव्हे. निदान एवढे तरी आपल्याला कळले आहे, आता पुढे शोधू, असे तो सांगत असतो.